पन्ह्याचा पेला आणि आमची चूक

चैत्र महिना लागला की वसाहतीतल्या घराघरांतून उकडलेल्या कैरीचा वास येऊ लागतो. शेजारणी एकमेकींना चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण देत फिरतात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत म्हणजे जवळजवळ महिनाभर हा कार्यक्रम चालतो. पाळण्यात गौर बसवायची, आरास मांडायची, सुवासिनींना कुंकू लावायचे, आंबेडाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हे द्यायचे, अशी ही रीत आहे. बहुतेक वर्षी आपली १४ एप्रिल, म्हणजे विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती, याच दिवसांत येते. एकाच कडक उन्हात एका घरी गौर आणि दुसऱ्या घरी भीमजयंती!

अशा वेळी आपल्या धम्मभगिनींना एक प्रश्न हमखास पडतो. शेजारीण प्रेमाने पन्ह्याचा पेला पुढे करते, तो घ्यावा की नाही? कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध असते, होळीला थंडाई असते, कचेरीत सत्यनारायण झाला की तीर्थ असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने यांतले काय घ्यावे आणि काय नाकारावे? प्रश्न वरवर लहान दिसतो, पण त्यात आम्ही स्वतः एक मोठी चूक केलेली आहे. ती चूक समाजबांधवांपुढे मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे बालपण सातारा जिल्ह्यात, कराडच्या बाजूच्या एका खेड्यात गेले. आई गावातल्या एका वाड्यात गोठ्याचे शेण काढण्याच्या कामाला जात असे. १९८८ साल असावे, आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होतो. वाड्यात चैत्रगौर बसली होती. दिवसभर बायकांची ये-जा झाली आणि दिवेलागणीला उरलेले पन्हे आम्हाला मिळाले. ते मागच्या दाराला मिळाले आणि करवंटीत मिळाले. वरून धार धरली होती. देणारीचा हात आणि आमची करवंटी यांत हातभर अंतर होते. आतल्या ओट्यावर पितळी पेले पालथे घातलेले आम्हाला दिसत होते.

वाटेत आम्ही आईला विचारले, "आई, त्यांच्याकडं एवढं प्याले हायती, मग आपल्याला करवंटी का?"

आई काही बोलली नाही. तिने करवंटी ओढ्यात फेकून दिली एवढे आठवते. खरे सांगायचे तर पन्हे गोड होते. आम्ही ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो होतो. अपमान कळला, पण जिभेवरची गोडीही गेली नाही. लहानपणी ही दोन्ही एकदम कशी सांभाळायची, ते कुणी शिकवीत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जयंती आली. आईने ओढ्याकाठच्या आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या ओटीत भरून आणल्या. आमच्या भागात गुऱ्हाळे पुष्कळ, त्यामुळे गुळाची ददात नव्हती. वेलची मात्र परवडणारी नव्हती. तिने जिरे भाजले, पाट्यावर वाटले आणि ते मिठाबरोबर पन्ह्यात घातले. भाताच्या मोठ्या पातेल्यात केलेले ते पन्हे तिने डोक्यावरून बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात नेले. पेले दहा-बाराच होते. एकाने प्यावे, विसळावे, दुसऱ्याने घ्यावे. म्हातारी माणसे, लेकरे, माहेरवाशिणी सगळे त्याच पेल्यांतून प्यायले. पुढे दरवर्षी १४ एप्रिलला आईचे पन्हे ठरलेलेच झाले. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, वंदना झाली की लोक तिला विचारीत, "वैनी, पन्हं आणलंय नव्हं?"

आम्ही शिकलो, बी.कॉम. झालो, कारकून म्हणून नोकरीला लागलो आणि ठाणे जिल्ह्यातल्या वसाहतीत राहू लागलो. आई आमच्याबरोबर आली. चळवळीत पडलो, मंडळाचे काम करू लागलो. २००६ हे धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना बुद्धाच्या मार्गावर आणले, त्याला पन्नास वर्षे होत होती. आम्ही घराघरांत जाऊन प्रतिज्ञा समजावून सांगत होतो. देव्हारे निघत होते, गंडेदोरे सुटत होते. ते काम योग्यच होते आणि आजही ते अपुरे आहे. पण त्या भरात आम्ही आईलाही सुनावले, "आई, पन्हं हे गौरीचं. ते हिंदूंचं आहे. यापुढं जयंतीला पन्हं करायचं नाही."

आई म्हणाली, "बरं बाबा. तू शिकलेला हायस."

त्या वर्षापासून आमच्या घरी लिंबाचे सरबत होऊ लागले. आईने पुन्हा कधी कैरी आणली नाही आणि कधी कारणही विचारले नाही. २०१५ साली ती गेली. ज्या बाईने मागच्या दाराची करवंटी फेकून देऊन तेच पन्हे बाबासाहेबांच्या जयंतीला सर्वांच्या पेल्यात ओतले, तिलाच आम्ही धम्म शिकवायला निघालो होतो!

आमची ही चूक आम्हाला कळली ती २०१९ च्या वर्षावासात. आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत दर रविवारी प्रवचन असते. त्या दिवशी भन्तेजींनी विनयपिटकातील महावग्गाचा विषय घेतला होता. भिक्खूंनी दुपारनंतर अन्न घ्यायचे नाही, मग तहान-थकवा आला तर काय करायचे, असा कुणीतरी प्रश्न विचारला. तेव्हा भन्तेजींनी केणिय नावाच्या जटिलाची कथा सांगितली.

केणिय हा जटाधारी तापस ब्राह्मणांना मानणारा होता. भगवान बुद्ध आपल्या भागात आले आहेत हे ऐकून, त्यांना काय न्यावे याचा त्याने विचार केला आणि पुष्कळ पेये तयार करून ती कावडींत घालून आणली. भगवंतांनी ती भिक्खूंना द्यायला सांगितली. पण भिक्खू कचरले. आपल्या नियमात हे बसते की नाही, अशी त्यांना शंका आली. तेव्हा भगवंतांनी, घ्या आणि प्या, असे सांगितले आणि त्या निमित्ताने आठ पेयांना परवानगी दिली. ही आठ पेये म्हणजे आंब्याचे, जांभळाचे, केळ्यांच्या दोन जातींची दोन, मधाचे, द्राक्षाचे, कमळकंदाचे आणि फालशाचे. पालीत पहिले नाव आहे 'अम्बपान'. त्यापुढे धान्याचा रस सोडून सर्व फळांचे रस, मोहाच्या फुलांचा सोडून सर्व फुलांचे रस आणि उसाचा रसही भगवंतांनी चालेल असे म्हटले आहे. मोहाच्या फुलांपासून काय गाळतात, हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रवचन संपल्यावर आम्ही भन्तेजींना विचारले, "अम्बपान म्हणजे पिकल्या आंब्याचा रस काय?"

ते म्हणाले, "दोन्ही. कच्च्याचेही आणि पिकल्याचेही." इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांच्या 'समन्तपासादिका' या विनयावरील अट्ठकथेत त्याची कृतीच दिलेली आहे. कोवळे आंबे फोडावेत, पाण्यात घालून उन्हात तापवावेत, गाळावेत आणि त्यात मध, साखर, कापूर वगैरे मिसळावे.

वाचकहो, हे पन्हे नव्हे तर दुसरे काय? आपला 'पन्हे' हा शब्दही 'पानक' यापासूनच आला आहे, आणि पालीत पेयाला 'पान' किंवा 'पानक' म्हणतात. ज्या पेयाला आम्ही गौरीचे म्हणून घराबाहेर काढले, ते भगवंतांनी भिक्खुसंघाला दिलेल्या पेयांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. "तू शिकलेला हायस" हे आईचे शब्द कानात घुमत राहिले.

पुढची दोन वर्षे करोनाची गेली. २०२२ ला जयंती पुन्हा मोकळेपणाने होणार होती. मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय मांडला की, यंदा मिरवणुकीत थंड पेयाच्या बाटल्या वाटण्याऐवजी पन्हे वाटू. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते ताडकन उठले. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला हा माणूस. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा म्हणाले, "आज पन्हं आणलंत, उद्या तीर्थ आणाल. परवा गौरही बसवाल!"

सभा गप्प झाली. दादांच्या बोलण्यात राग होता तसा अनुभवही होता. आमच्या समाजात मागच्या दाराने देव परत येताना त्यांनी पाहिले आहेत. सोळा वर्षांपूर्वी हेच आम्ही आईला म्हणालो होतो. त्यामुळे त्यांना उत्तर देणे म्हणजे आमचे आम्हालाच उत्तर देणे होते.

आम्ही म्हणालो, "दादा, तीर्थ आणि पन्हे यांत फरक आहे. तो फरक आपल्याला महाडने शिकवला."

तीर्थात काय असते? दूध, दही, तूप, मध, साखर. या वस्तूंत वाईट काहीच नाही. पण ते तहानेसाठी नसते, पुण्यासाठी असते. ते देवावरून येते, पळीने येते आणि देणारा वर, घेणारा खाली, अशी त्याची मांडणी असते. आमच्या कचेरीत पूजा झाली की तबक फिरते. आम्ही हात जोडून "नको" म्हणतो. कुणी हसते, कुणी नाक मुरडते. पण आमचे भांडण दुधाशी नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याआधी १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला होता आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुलेही केले होते, तरी प्रत्यक्षात पाणी मिळत नव्हते. आपल्या माणसांनी पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी गोमूत्र, शेण, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी पाणी ओतून तळे 'शुद्ध' केले. दूध-दही तेच, पण माणसाचा स्पर्श पुसण्यासाठी वापरलेले! न्यायालयात तळ्याचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. म्हणून वस्तू कोणती, यापेक्षा ती कशासाठी आणि कोणाला वगळून दिली जाते, हे आपण पाहिले पाहिजे. तळे हिंदूंचे म्हणून बाबासाहेबांनी ते सोडून दिले नाही. पाणी सर्वांचे, असेच त्यांनी सांगितले. मग कैरी आणि गूळ आपण का सोडून द्यायचे?

दादांनी विचारले, "मग ओळखायचं कसं?"

आम्ही तीन प्रश्न ठेवले. ते येथेही ठेवतो. पहिला प्रश्न, हे पेय देवाच्या पूजेचा भाग म्हणून, पुण्य म्हणून दिले जात आहे काय? तसे असेल तर नम्रपणे नाकारावे. दुसरा प्रश्न, ते देताना कुणाला वगळले जाते काय, कुणासाठी निराळा पेला ठेवला जातो काय? तसे असेल तर मुळीच घेऊ नये. तिसरा प्रश्न, त्यात नशा आहे काय? होळीची थंडाई बदाम, बडीशेप, खसखस, मिरी आणि दूध यांची असते तोवर ठीक आहे. पण त्यात भांग पडली की पाचवे शील मोडले आणि मद्यपान न करण्याची प्रतिज्ञाही मोडली. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आले तर पेय प्यावे, पाजावे. ते कुणा एका धर्माच्या मालकीचे नाही.

कोजागिरीचेच पाहा. ती रात्र आश्विन पौर्णिमेची, म्हणजे आपल्या वर्षावासाच्या समाप्तीची. लक्ष्मी कोण जागे आहे ते विचारीत फिरते, हे आपण मानत नाही. पण विहारातून परतल्यावर चांदण्यात मुलाबाळांना आटवलेले दूध देण्यात कोणती प्रतिज्ञा मोडते? वैशाख पौर्णिमेला आपण खीरदान करतोच. त्या खिरीची कथा तरी काय आहे? सुजाताने ती वटवृक्षाच्या देवतेला नवस म्हणून रांधली होती. ती पोचली तपाने कृश झालेल्या, भुकेल्या सिद्धार्थापर्यंत. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे. देवतेसाठी केलेले अन्न भुकेल्या माणसाच्या मुखी लागले आणि ज्ञानाच्या वाटेवर त्याला बळ मिळाले. आईने वाड्यातले पन्हे समाजमंदिरात आणले तेव्हा तिला ही कथा ठाऊक नव्हती, पण तिने केले ते तेच.

बैठकीत मत घेतले. दादांनी विरोध नोंदवला नाही, पाठिंबाही दिला नाही. "करून बघा," एवढेच म्हणाले.

१४ एप्रिलला आमच्या सहचारिणीने आणि मुलीने वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन दोन मोठे हंडे पन्हे केले. मंडळाचा हिशेब आमच्याकडे असतो. कैऱ्या, गूळ, जिरे, मीठ, बर्फ धरून खर्च बाटल्यांच्या निम्म्याहूनही कमी आला. मिरवणुकीत कडक ऊन होते. पेले मात्र सर्वांना एकच, धुऊन पुन्हा तेच. पोलीस बंदोबस्तातले शिपाई प्यायले, रिक्षावाले प्यायले, बॅन्डवाले प्यायले.

दुपारी शेजारच्या इमारतीतल्या एक वयस्कर बाई आल्या. त्या सवर्ण घरातल्या. यजमान जाऊन तीन वर्षे झालेली. त्या काही वेळ बाजूला उभ्या होत्या. सहचारिणीने पेला पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "मला चालेल का? आमच्यात आता मला कुणी बोलावत नाही गौरीला."

त्यांनी पन्हे घेतले, चव घेतली आणि म्हणाल्या, "जिरं घातलंत वाटतं? आम्ही वेलची घालतो."

आमची मुलगी म्हणाली, "आमच्या आजीची रीत आहे."

आम्ही तोंड फिरवून पाण्याच्या ड्रमाकडे गेलो. हळदीकुंकवाची रीत केवळ आपल्यालाच दाराबाहेर ठेवत नाही, पती गेलेल्या स्वतःच्या लेकीबाळींनाही ठेवते, हे आम्ही भाषणांत अनेकदा सांगितले होते. त्या दिवशी ते समोर उभे होते. दादा शेजारीच खुर्चीवर बसले होते. त्यांनी सारे ऐकले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहून पेला मागितला.

आता शेजारणीच्या आमंत्रणाबद्दल. आमच्या सहचारिणी जातात. त्या आधीच सांगतात, "हळदीकुंकू लावून घेणार नाही, गौरीपुढे हात जोडणार नाही. आम्ही बौद्ध आहोत. पण तुमच्या घरी येऊन बसेन, पन्हे घेईन. १४ तारखेला तुम्ही आमच्याकडे यायचे." एक-दोघींनी पुढच्या वर्षी बोलावले नाही. चार-पाच जणी मात्र १४ तारखेला येतात आणि आमच्या पेल्यातून पितात. न लपवता, न भांडता आपली ओळख सांगता येते, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

भगिनींसाठी कृती देतो. कैऱ्या सालासकट उकडाव्यात, गार झाल्यावर साल-कोय काढून गर कालवावा. एक वाटी गराला दोन वाट्या किसलेला गूळ, चवीपुरते मीठ आणि अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. हे मिश्रण पेल्यात तीन-चार चमचे घालून गार पाणी ओतावे आणि ढवळावे. उन्हात घामावाटे अंगातले पाणी आणि मीठ जाते, ते पन्ह्याने भरून निघते. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र जपून घ्यावे.

आम्ही हिशेबाची माणसे. जमाखर्च मांडताना चुकलेली नोंद खोडून लपवायची नसते, दुरुस्तीची नवी नोंद करायची असते. आईला आम्ही जे बोललो ते खोडता येत नाही. म्हणून ही दुरुस्तीची नोंद येथे छापून करीत आहोत. बंधूंनो, प्रतिज्ञांचा आग्रह धरा, तो सोडू नका. पण आपल्या आई-आजीची एखादी रीत बंद करण्यापूर्वी ती त्यांनी कुठून आणली आणि कुणाला पाजली, एवढे त्यांना एकदा विचारा. त्या हयात असतानाच विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!